नेब्युलायझरचं सर्किट जादा व्होल्टेजपासून कसं वाचतं?

दम्याचा किंवा सीओपीडीचा रुग्ण असलेल्या घरात नेब्युलायझर ही निकडीची वस्तू असते. रात्री धाप लागली, छातीतली घरघर वाढली की रेस्प्यूल फोडायची, कपात औषध ओतायचं, मास्क लावायचा आणि बटण दाबायचं. एवढं करूनही यंत्र चालू झालं नाही, तर त्या घरावर काय ओढवतं हे सांगायला नको. हवा बदलते, पाऊस सुरू होतो, तेव्हा अनेकांचा दमा उसळतो आणि वीजही नेमकी त्याच दिवसांत बेभरवशाची असते. म्हणून या लहानशा यंत्रातलं सर्किट जादा व्होल्टेज कसं सोसतं आणि कुठे हरतं, हे रुग्णाच्या घरातल्या माणसांनाही ठाऊक असावं.

यंत्राचे तीन प्रकार

जुना आणि सर्वांत जास्त दिसणारा प्रकार कॉम्प्रेसरचा. मोटर हवा दाबते, ती हवा नळीतून कपात जाते आणि औषधाचे बारीक तुषार करते. अशा बऱ्याच यंत्रांत स्विच, मोटर आणि मोटर तापली की तोडणारं थर्मल कट-आउट, एवढंच असतं. इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाहीच. त्यामुळे ही यंत्रं आवाज करतात, जड असतात, पण विजेचा त्रास बऱ्यापैकी सोसतात.

दुसरा प्रकार अल्ट्रासॉनिक. यात एक पिझो स्फटिक सेकंदाला दहा लाखांहून जास्त वेळा थरथरतो आणि द्रवाच्या पृष्ठभागावरून तुषार उडवतो.

तिसरा प्रकार मेश. हाताच्या मुठीत मावणारा, आवाज न करणारा, बॅटरीवर चालणारा. मेश म्हणजे पातळ पत्रा. त्याला काही मायक्रॉनची हजारो भोकं. भोवतीची पिझो कडी सेकंदाला लाखभर वेळा थरथरते आणि औषध त्या भोकांतून ढकललं जातं. फुप्फुसात खोलवर पोचायला थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचे लागतात, आणि हे काम मेश चांगलं करतो. पण त्यासाठी मायक्रोकंट्रोलर, चार्जिंगची चिप, व्होल्टेज वाढवणारं सर्किट असं सगळं तळहाताएवढ्या जागेत बसवावं लागतं. संरक्षणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो.

जादा म्हणजे किती?

आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. हा आकडा एसीचा प्रभावी मान असतो. प्रत्येक लहरीचं टोक सुमारे ३२५ व्होल्टला पोचतं. चांगला अ‍ॅडॉप्टर हे गृहीत धरूनच बनवलेला असतो.

त्याच्या वर जाणारं व्होल्टेज दोन तऱ्हांचं. पहिलं क्षणिक. जवळपास वीज पडली, रोहित्रावर स्विचिंग झालं, शेजारची मोठी मोटर बंद झाली, की तारेवरून काही मायक्रोसेकंदांचा उंच झटका येतो. तो हजार-दोन हजार व्होल्टचाही असू शकतो, पण डोळ्यांची पापणी लवायच्या कितीतरी आधी संपतो.

दुसरं रेंगाळणारं. माझ्या मते आपल्या घरांत खरं नुकसान करतं ते हे. डीपीवरून वस्तीत येणाऱ्या चार तारांपैकी तीन फेज आणि एक न्यूट्रल. प्रत्येक घर एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जोडलेलं असतं, म्हणून २३० मिळतात. दोन फेजच्या मध्ये मात्र ४०० व्होल्ट असतात. न्यूट्रलची तार तुटली किंवा तिचा जोड जळून सैल झाला, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि ते ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. वाटणी समान होत नाही. ज्या घरात जास्त उपकरणं चालू असतात, तिथे व्होल्टेज पडतं, दिवे मंद होतात. ज्या घरात कमी चालू असतं, तिथे ते चढतं. मध्यरात्री एक पंखा, एक छोटा दिवा आणि नेब्युलायझर एवढंच चालू असलेल्या घराच्या वाट्याला म्हणूनच साडेतीनशे-चारशे व्होल्ट येऊ शकतात, आणि वायरमन डीपीवर पोचेपर्यंत ते तसेच राहतात. ‘दोन फेज आले आणि सगळं उडालं’ असं गावोगावी ज्याचं वर्णन करतात, तो प्रकार हाच.

झेलणारा भाग : व्हॅरिस्टर

क्षणिक झटक्यासाठी जगभर वापरला जाणारा स्वस्त उपाय म्हणजे झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर. दुरुस्तीवाले त्याला एमओव्ही म्हणतात. बहुधा निळ्या रंगाची, दोन पायांची चकती. जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी झिंक ऑक्साइडच्या या गुणधर्मावर काम केलं आणि त्यांचा प्रसिद्ध निबंध १९७१ साली आला.

धरणाचा सांडवा करतो तेच काम ही चकती करते. पाणी पातळीखाली असेपर्यंत सांडवा कोरडा. पातळी ओलांडली की जादाचं पाणी तिथून निघून जातं. व्हॅरिस्टर फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जोडलेला असतो. २७५ व्होल्ट एसीचा व्हॅरिस्टर सुमारे ४३० व्होल्टला जेमतेम १ मिलिअँपिअर वाहू देतो. त्यावर मात्र त्याचा रोध झपाट्याने कोसळतो आणि झटक्याचा प्रवाह तो स्वतःतून जाऊ देतो. १४ मिलिमीटरच्या चकतीवर ५० अँपिअर वाहत असताना व्होल्टेज सातशेच्या आसपास अडवलं जातं. हजार-दोन हजारांचा झटका सर्किटपर्यंत पोचतो तेव्हा सातशेवर आलेला असतो, आणि तेवढा काही मायक्रोसेकंद सोसणं पुढच्या भागांना जमतं.

झेलणं पुरत नाही

न्यूट्रल तुटल्यावर ४०० व्होल्ट एसी आले, की लहरीचं टोक सुमारे ५६५ व्होल्टला जातं. म्हणजे व्हॅरिस्टर दर सेकंदाला शंभर वेळा, प्रत्येक अर्ध्या लहरीत उघडतो. मायक्रोसेकंदापुरते शेकडो अँपिअर सोसणारी ही चकती सतत मात्र अर्धा-पाऊण वॅट उष्णताच पेलू शकते. इथे तिच्यावर त्याच्या कितीतरी पट उष्णता ओतली जाते. काही क्षणांत ती तापते, काळी पडते, फुटते. आधी लावलेला फ्यूज त्याच वेळी उडाला, तर निदान आग लागत नाही. फ्यूज नसेल किंवा चुकीचा असेल, तर प्लास्टिकची पेटी वितळू लागते.

म्हणून व्हॅरिस्टर एकटा कधीच लावू नये. त्याच्या आधी फ्यूज हवाच, आणि शक्य असेल तर चकतीला चिकटलेला थर्मल फ्यूजही हवा. आपल्या पुरवठ्यासाठी २७५ ऐवजी ३२० व्होल्टची चकती घेणारे डिझायनर शहाणे, असं मी म्हणेन. ती झटका थोडा उंच जाऊ देते, पण रोजच्या चढउतारात झिजत नाही. व्हॅरिस्टर प्रत्येक मोठ्या झटक्यागणिक थोडा थोडा दुबळा होतो, आणि बाहेरून ते कळत नाही.

मुख्य मुद्दा असा : क्षणिक झटका झेलायचा असतो, रेंगाळणारं व्होल्टेज तोडायचं असतं. दोन्हींसाठी एकच भाग वापरणं हीच स्वस्त यंत्रांतली मूळ चूक आहे. तोडण्यासाठी व्होल्टेज मोजणारं सर्किट आणि रिले लागतो. मर्यादा ओलांडली की रिले पुरवठा बंद करतो आणि व्होल्टेज जागेवर आलं की पुन्हा जोडतो. हे नेब्युलायझरच्या आत बसवायला जागा आणि पैसा दोन्ही लागतात, म्हणून ते बहुतेक वेळा घराच्या बोर्डातच बसवावं लागतं. त्याबद्दल पुढे.

अ‍ॅडॉप्टर मरताना काय करतो?

मेश यंत्राला २३० व्होल्ट थेट भेटत नाहीत; मध्ये अ‍ॅडॉप्टर असतो. त्यात एसीचं डीसी होऊन ते ज्या कॅपॅसिटरमध्ये साठतं, तो सहसा ४०० व्होल्टचा असतो. नेहमीचे ३२५ त्याला ठीक. ५६५ आले की तो फुगतो, फुटतो. अ‍ॅडॉप्टर असा सरळ मेला तर यंत्र वाचतं, आणि हे तुलनेने भाग्याचं म्हणायचं.

वाईट तेव्हा, जेव्हा अ‍ॅडॉप्टर अर्धवट बिघडतो. आउटपुट किती आहे हे मोजून मागच्या बाजूला कळवणारा एक दुवा त्यात असतो. बहुतेक वेळा ऑप्टोकपलर. हा दुवा तुटला, की मागच्या बाजूला वाटतं आउटपुट कमी पडतंय, आणि ती जोर लावत राहते. पाच व्होल्टच्या जागी आठ-दहा किंवा जास्त बाहेर येऊ लागतात. चांगल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये अशा वेळी स्वतःहून बंद होण्याची वेगळी सोय असते. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये ती आहे की नाही, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

गोल पिनचा घोळ

घरात राउटरचा अ‍ॅडॉप्टर असतो, सेट-टॉप बॉक्सचा असतो, जुन्या स्पीकरचा असतो. पिना गोल, दिसायला सारख्या, एकमेकांच्या भोकात बसणाऱ्या. व्होल्टेज मात्र ५, ९, १२, १९ असं काहीही. घाईत १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर ६ व्होल्टच्या यंत्राला लागला, की वीज कंपनीचा काही दोष नसताना सर्किट जळतं. काहींत तर पिनेच्या मधल्या भागात धन आणि बाहेर ऋण, काहींत उलट.

यूएसबी-सी आल्यापासून हा धोका कमी झाला. फास्ट चार्जर आधी ५ व्होल्टच देतो. ९, १५ किंवा २० व्होल्ट हवे असतील तर समोरच्या उपकरणाने तसं मागावं लागतं. नेब्युलायझर मागत नाही, म्हणून त्याला ५ च मिळतात. तरी सदोष केबल किंवा बनावट चार्जर असू शकतो, त्यामुळे यंत्राच्या तोंडाशी राखणदार लागतोच.

हा राखणदार दोन टप्प्यांचा असावा. पहिला टीव्हीएस डायोड. ५ व्होल्टच्या वाहिनीवरचा नेहमीचा टीव्हीएस साडेसहाच्या आसपास वाहू लागतो आणि मोठ्या झटक्यात व्होल्टेज ९.२ च्या वर जाऊ देत नाही. त्याचा प्रतिसाद अत्यंत जलद. पण १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावून ठेवला, तर तोही व्हॅरिस्टरसारखाच तापून मरतो. म्हणून दुसरा टप्पा : ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शनची चिप आणि तिच्यासोबतचा मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच. सुमारे ६ व्होल्ट ओलांडले, की ती मायक्रोसेकंदाच्या आसपास वाट बंद करते आणि समोर २० किंवा जास्त व्होल्ट उभे असले तरी शांत राहते. अ‍ॅडॉप्टर काढून बरोबरचा लावला, की यंत्र पुन्हा चालू. ही चिप काही रुपयांत मिळते. रुग्णाच्या यंत्रात ती वगळण्याला मला कोणतंही समर्थन दिसत नाही.

तिच्याही मागे लिथियमची बॅटरी असते. तिच्या एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचं नाही. चार्जिंगची चिप तिथे थांबते. ती न थांबल्यास बॅटरीला चिकटलेलं वेगळं संरक्षण-सर्किट ४.३ च्या आसपास तोडतं. बॅटरी बदलताना हे सर्किट नसलेला सेल बसवणं थेट आगीशी खेळणं आहे.

आतूनच चढणारं व्होल्टेज

आतापर्यंतचा शत्रू बाहेरचा होता. मेश यंत्रात तो आतही असतो, आणि त्याचा विचार फार कमी होतो.

पिझो कडी हलवायला दहा-वीस नाही, कित्येक दहा व्होल्टची लहर लागते. बॅटरी देते तीन-चार व्होल्ट. म्हणून कॉइलमधून प्रवाह जलद चालू-बंद करून व्होल्टेज उंच केलं जातं. कॉइलमधला प्रवाह अचानक तोडला, की ती उलट उसळी मारते. या उसळीवरच सर्किट चालतं. पण कडीकडे जाणारी तार सैल झाली, कप नीट बसला नाही किंवा कडी तडकली, तर उसळीला जायला वाट उरत नाही. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर चढतं आणि स्विचिंगचा मॉस्फेट फुटतो. यावर झेनर किंवा टीव्हीएसची मर्यादा आणि ‘समोर भार आहे का’ हे आधी कमी जोराने तपासून पाहणारा प्रोग्रॅम, दोन्ही हवेत.

औषध संपणं हाही असाच प्रसंग. मेशवर द्रव असतो तोवर थरथर आवरलेली असते. द्रव संपला की भार हलका होतो, कंपनाची वारंवारता सरकते आणि कडीवरचा ताण वाढतो. चांगली यंत्रं प्रवाहातला हा बदल ओळखून स्वतः बंद होतात. अल्ट्रासॉनिक यंत्रात तर स्फटिक कोरडा चालला की तडकू शकतो, म्हणून पाण्याची पातळी तपासणारी सोय लागते.

आणि पिझो उलटाही वागतो. पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिलं की काही स्फटिकांवर दाब दिला तर त्यांत वीज तयार होते. स्वयंपाकघरातल्या पिझो लायटरची ठिणगी त्यातूनच येते. यंत्र हातातून फरशीवर पडलं, की कडी क्षणभर स्वतःच व्होल्टेज निर्माण करते आणि ते उलट दिशेने सर्किटमध्ये शिरतं. कडीच्या दोन टोकांमध्ये योग्य रोध आणि मर्यादा घालणारे डायोड असतील, तर तो झटका तिथेच विरतो.

शेजारी मायक्रोकंट्रोलर तीन-सव्वातीन व्होल्टवर चालतो, आणि त्याच बोर्डावर काही मिलिमीटरवर हे उंच व्होल्टेज फिरत असतं. त्यात हे यंत्र सलाइनचं. मिठाचं पाणी वीज चांगली वाहून नेतं. कपाच्या सीलमधून झिरपलेला एक थेंब उंच व्होल्टेजला थेट मायक्रोकंट्रोलरच्या पायापर्यंत वाट करून देतो. बोर्डावर वॉर्निशसारखा संरक्षक थर, दोन विभागांत पुरेसं अंतर आणि मधला रबरी सील, ही जादा व्होल्टेजविरुद्धची तटबंदीच आहे. संपर्कबिंदू पुसून कोरडे करा, असं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं ते याचसाठी.

माणूस आधी, सर्किट नंतर

मास्क ओला असतो, रुग्ण थकलेला असतो, कधी ते लहान मूल असतं. म्हणून २३० व्होल्टची बाजू आणि रुग्णाची बाजू यांच्यामध्ये जे इन्सुलेशन असतं, ते सर्वांत महत्त्वाचं. आयईसी ६०६०१-१ या वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या मानकात (पहिली आवृत्ती १९७७) रुग्णाच्या बाजूला दुहेरी संरक्षण मागितलं आहे. घरगुती व्होल्टेजसाठी त्याची चाचणी ४,००० व्होल्ट लावून होते. बीएफ वर्गाच्या उपकरणातून रुग्णाकडे झिरपणारा प्रवाह नेहमीच्या स्थितीत १०० मायक्रोअँपिअरच्या आत आणि एखादा भाग बिघडला तरी ५०० च्या आत असावा लागतो. यंत्रावर चौकटीतल्या माणसाची खूण असते ती याच वर्गाची. इथे डिझायनरला एक पथ्य पाळावं लागतं : सर्किट वाचवण्यासाठी या दोन बाजूंना जोडणारा व्हॅरिस्टर लावायचा नाही. तो झटका रुग्णाच्याच दिशेने वळवेल.

मानकातलं घर आणि आपलं घर

घरी वापरायच्या उपकरणांसाठी ६०६०१-१-११ हे वेगळं मानक २०१० साली आलं. कॉन्टॅक्टने ८ किलोव्होल्ट आणि हवेतून १५ किलोव्होल्ट स्थिर विजेचा झटका, दोन तारांमध्ये १ किलोव्होल्टचा सर्ज, अशा चाचण्या वैद्यकीय उपकरणांना द्याव्या लागतात. त्या उत्तम आहेत. पण घरातला पुरवठा ठरलेल्या व्होल्टेजच्या ८५ ते ११० टक्क्यांत राहील, असं त्या मानकात गृहीत धरलेलं आहे. २३० च्या हिशेबाने वरची हद्द २५३ व्होल्ट. न्यूट्रल तुटलेली रात्र त्या हिशेबात नाही. म्हणजे सर्व चाचण्या पास झालेलं, प्रामाणिकपणे बनवलेलं यंत्रही आपल्या वस्तीत एका रात्रीत जळू शकतं. आपल्या बाजारासाठी यंत्र बनवणाऱ्यांनी ४०० व्होल्ट अखंड सोसणारा किंवा सुरक्षितपणे बंद होणारा अ‍ॅडॉप्टर द्यायला हवा. मानक तेवढं मागत नाही, हे उत्तर पुरेसं नाही.

दुरुस्तीतली घातक सवय

व्हॅरिस्टर शॉर्ट झाला की फ्यूज उडतो आणि यंत्र बंद पडतं. दुरुस्तीवाला चकती कापून टाकतो, फ्यूजच्या जागी तार लावतो, यंत्र चालू होतं आणि गिऱ्हाईक खूश. पण संरक्षणाचे दोन्ही भाग त्यातून गेलेले असतात. पुढच्या झटक्याला थेट सर्किट किंवा आग. दुरुस्तीला दिलेलं यंत्र परत घेताना ‘एमओव्ही आणि फ्यूज त्याच रेटिंगचे बसवलेत का’, हा प्रश्न जरूर विचारा. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही.

घरात काय करावं?

एमसीबी जादा प्रवाहावर पडतो, आरसीसीबी गळतीवर. जादा व्होल्टेजवर दोन्ही गप्प बसतात, हे आधी लक्षात घ्यावं. मुख्य बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले बसवून घ्या. साधारण २७० च्या वर गेलं की तो घराचा पुरवठा तोडतो. सर्ज प्रोटेक्टरही लावता येतो, पण त्याला चांगलं अर्थिंग हवं. स्पाइक गार्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्टीत कधी कधी फक्त स्विच असतो. स्टॅबिलायझर हळू चढउतार सावरतो, मायक्रोसेकंदाचा झटका त्यातून निसटतो. इन्व्हर्टर घेताना साइन वेव्हचा घ्या. स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसरची मोटर गुणगुणते आणि जास्त तापते.

नवं यंत्र घेताना खोक्यावर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे परवाना क्रमांक आहे का बघा. अ‍ॅडॉप्टरवर मार्करने ‘नेब्युलायझर’ असं मोठं लिहा आणि तो यंत्राच्याच पिशवीत ठेवा. दिवे अचानक फार प्रखर झाले, तर आधी मेन स्विच पाडा आणि मग वायरमनला फोन करा. गडगडाटात यंत्र प्लगवर ठेवू नका; मेश यंत्र चार्ज करून बॅटरीवर वापरा.

आणि एक विनंती. दम्याच्या बहुतेक झटक्यांत स्पेसर लावून घेतलेला इनहेलर नेब्युलायझरइतकंच काम करतो, आणि त्याला वीज लागत नाही. आपल्या डॉक्टरांना विचारून तो घरात ठेवा, किती पफ घ्यायचे ते लिहून घ्या आणि रुग्णाच्या उशाशी असू द्या.